समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए.: दूरस्थ अभ्यासक्रम बंद केले हे बरं झालं का?

अनुलोम
जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मानसशास्त्राच्या दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशांना मनाई केली. माझ्या मते उशीरच झाला. समुपदेशन शिकायचं तर तिघांचा गट लागतो: एक समुपदेशक, एक क्लायंट म्हणजे मदत मागणारा, एक निरीक्षक. परवानगी घेऊन सत्र ध्वनिमुद्रित करायचं, शब्दशः उतरवायचं आणि सुपरव्हायझरसमोर, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकासमोर, ठेवायचं. "इथे सल्ला द्यायची घाई का केली?" हा प्रश्न समोर बसलेला माणूसच विचारू शकतो.

निमशहरी
आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलींनी काय करायचं? पुण्यात दोन वर्षं राहण्याचा खर्च प्रत्येकीला झेपत नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एम.ए.त दुसऱ्या वर्षी समुपदेशन निवडता यायचं, इंटर्नशिपही होती. नोकरी करणाऱ्या शिक्षिकेला तीच वाट परवडायची. सराव कमी पडत होता तर अभ्यासकेंद्रावर हजेरीचे तास वाढवायचे, दार कशाला बंद करायचं?

अनुलोम
कारण चूक झाली तर ती क्लायंटला भोवते. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची नैराश्याची चाचणी घ्या. बेरीज 27 पैकी 6 आली की नवखा "सौम्य" असा शेरा मारून मोकळा होतो. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याऐवजी एक जरी आला, तरी बेरीज बाजूला ठेवून त्याच बैठकीत थेट विचारावं लागतं: विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. हे विचारताना आवाज कापतो. ती भीड सरावानेच जाते.

शाळेतली चूक वेगळी. "तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही" असं वचन मुलाला देऊन बसतात. पोक्सो या मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 19नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना द्यावीच लागते. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायची असते.

वाटाड्या
दोघांनीही नोंदणीचा मुद्दा सोडलाय. समुपदेशनातल्या एम.ए.वर भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. त्यासाठी आरसीआय-मान्य क्लिनिकल अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. तेव्हा पाटीवर तसं लिहू नये. प्रवेशाआधी विभागाला विचारा: खऱ्या क्लायंटसोबत किती तास मिळतात? सुपरव्हिजन एकेकट्याचं की वीस जणांचं एकत्र? क्लायंटच्या जिवाला धोका दिसला तर विद्यार्थ्याने फोन कुणाला करायचा? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

निमशहरी
हेच प्रश्न नियमित कॉलेजांनाही लावा. तिथेही कित्येकदा प्रात्यक्षिकाची वही वर्गमित्रांवरच्या चाचण्यांनी भरते आणि खरा क्लायंट भेटतच नाही. त्यांचे प्रवेश कोण थांबवणार?