जपानी फॅमिकॉमच्या खऱ्या कॅसेट गोळा करायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

गोधडी:

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी माळा आवरताना लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. लाल-पांढरा डबा, दोन रिमोट (एकाची वायर उंदराने कुरतडलेली) आणि '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. गेम अर्थात पंधराच, बाकी तेच ते फिरवून. नवऱ्याने नवा अडॅप्टर आणून दिला आणि डबा चालू झाला की हो! दोन तास टँक खेळले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला.

मग शोधताना कळलं की हा डबा म्हणजे निन्तेंदो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची नक्कल, आणि तिकडच्या खऱ्या कॅसेट यात बसतात म्हणे. धाकटा भाऊ तोक्योला नोकरीला आहे, दिवाळीत येतोय. त्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण यादी दिली तर आणेल. बॅगेत दोन किलो जागा आणि १५,००० येन एवढं माझ्या वाट्याला आलंय.

तर सांगा: कॅसेट खरंच चालतील का? जपानी वाचता येत नसताना कुठल्या घ्याव्यात? आणि भावाला पाठवू कुठे? मला शोकेस भरायची नाही, खेळायचंय.

साठपिनी:

गोधडीताई, चालतील. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, आपल्याकडच्या बहुतेक डब्यांची खाचही ६० पिनांचीच. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस म्हणून विकलं, त्याची कॅसेट मोठी आणि ७२ पिनांची, शिवाय आत कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट अडवणारी कुलूप-चिप. जपानी फॅमिकॉममध्ये ते कुलूप नाही. म्हणून तर आपल्याला ९९९९ इन १ मिळाली!

पण एक गोष्ट आधीच कानावर घालतो. आपले डबे ५० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र) चालतात, कारण आपला टीव्ही पाल पद्धतीचा. जपानी यंत्र ६० हर्ट्झचं. वेग यंत्र ठरवतं, कॅसेट नाही. म्हणजे अस्सल कॅसेट आणूनही तुमच्या डब्यात ती संथच चालणार. तुम्ही-आम्ही लहानपणी जे खेळलो ते सगळं मुळापेक्षा सावकाश होतं.

दुसरं, आवाज. जपानी कॅसेटला यंत्राच्या आवाजात स्वतःचा आवाज मिसळता येतो, त्यासाठी दोन पिना राखलेल्या आहेत. कोनामी कंपनीने १९८९ च्या 'आकुमाजो देन्सेत्सु' या गेममध्ये त्यासाठी वेगळी चिप घातली होती. हाच गेम अमेरिकेत 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून गेला तेव्हा ती चिप काढावी लागली आणि संगीत बारीक झालं. आपल्या बऱ्याच डब्यांमध्ये त्या पिना धड जोडलेल्याच नसतात. गेम चालतो, पण निम्मा वाद्यवृंद गायब.

म्हणून माझं मत: १५,००० येनांतला मोठा वाटा यंत्रावर घालवा. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'न्यू फॅमिकॉम', लोक त्याला एव्ही फॅमिकॉम म्हणतात. उरलेल्यात पाच-सहा सुट्या कॅसेट.

एक_फुल_चार_हाफ:

मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं ॲप) टाका, हजार गेम, खर्च शून्य. भावाला बॅगेत बाकरवडी भरायला जागा राहील.

साठपिनी:

@एक_फुल_चार_हाफ, भाऊ तिकडून *येतोय*. बाकरवडी जाताना नेतात.

पिंपरी_ते_निप्पोरी:

हाहा. ताई, मी तोक्योत सात वर्षं काढली, त्यातली निम्मी शनिवारची दुपार जुन्या गेमच्या टोपल्यांत. भावाला हे सांगा:

अकिहाबारा भागातलं सुपर पोटॅटो हे जुन्या गेमचं दुकान बघायला जरूर जाऊ दे, पण खरेदीला नको. तिथे पर्यटकांची रांग असते आणि भावही त्यांच्याच हिशोबाने लावलेले. जायचं ते हार्ड-ऑफ किंवा बुक-ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या उपनगरातल्या शाखांत. हार्ड-ऑफमध्ये मागच्या बाजूला निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्या असतात, वर 'जंक' लिहिलेलं. जंक म्हणजे बिघडलेलं असं नाही. दुकानाने तपासलेलं नाही आणि परत घेणार नाही, एवढाच अर्थ. त्यात साध्या कॅसेट शे-दोनशे येनांत मिळाल्यात मला. तपासून ठेवलेला माल काचेत, त्यावर 'दोसा काकुनिन-झुमी' असं लिहिलेलं असतं. यंत्र घ्यायचं ते काचेतलंच, जंकमधलं नको.

अजून दोन शब्द: 'हादाका' म्हणजे उघडी, नुसती कॅसेट. 'हाको-सेत्सु' म्हणजे खोका आणि माहितीपुस्तिकेसकट. त्याच गेमची किंमत हाको-सेत्सुला कितीतरी पट होते. तुम्हाला खेळायचंय, तर हादाकाच बरी.

खोके जमवणारे वेगळे. त्यांच्या वाटेला जाऊ नका, मी जाऊन आलोय. घरी भिंतीपाशी अजून सहा खोकी आहेत आणि बायको त्यांना 'तुझी रद्दी' म्हणते.

पेटीत पाठीवर मार्करने पोराचं नाव लिहिलेल्या कॅसेट भरपूर मिळतील. शाळेच्या डब्यावर आपलं नाव असायचं ना, तसंच. जमवणारे त्यांना नाकं मुरडतात म्हणून त्या स्वस्त. माझ्याकडच्या 'मॅपी' गेमच्या एका कॅसेटवर नाव, इयत्ता आणि तुकडीसुद्धा आहे.

धूरकट:

अडॅप्टर!! कोणीच अडॅप्टरबद्दल बोलेना.

जपानची वीज १०० व्होल्ट. तिकडचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट खुपसला की खेळ खलास. मी खुपसला. आधी 'टक्' आवाज, मग जळक्या वार्निशचा वास, मग आईचा आवाज. यंत्र वाचलं ते नशीब.

फॅमिकॉमच्या अडॅप्टरवर डीसी १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, आणि पिनेच्या आतल्या बाजूला *ऋण*. आपल्याकडे मिळणारे बहुतेक अडॅप्टर आतून धन असतात. ९ व्होल्ट, १ अँपिअर, आत ऋण असा मागा आणि मल्टिमीटर लावून स्वतः बघा, दुकानदाराच्या 'चालतंय हो'वर जाऊ नका. नाहीतर २३० चं १०० करणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, तो मात्र दोन किलोत बसणार नाही. आणि अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर कोणी देऊ केला तर हात जोडा, त्यातून एसी येतो.

गोधडी:

बापरे. @धूरकट, भावाला तो अडॅप्टर तिकडेच ठेवून ये म्हणून सांगते.

@साठपिनी, तो पहिला लाल-पांढरा खरा फॅमिकॉम का नको? दिसायला माझ्या डब्यासारखाच आहे आणि मला तोच हवासा वाटतोय.

साठपिनी:

दिसतो देखणाच. जुलै १९८३ चं यंत्र, तेव्हा किंमत १४,८०० येन. दुसऱ्या रिमोटला माइकसुद्धा आहे, त्यात ओरडायचं. पण रिमोटच्या वायरी थेट डब्यातून निघालेल्या, बिघडल्या की डबा उघडा. आणि चित्र बाहेर येतं ते फक्त अँटेनाच्या वाटेने, जपानी चॅनेलवर. आपल्या टीव्हीत ते चॅनेल पकडताना नाकी नऊ येतात, आणि चित्र आलं तरी आवाज येईलच असं नाही. तिकडे चित्र आणि आवाजाच्या लहरींत ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ५.५.

एव्ही फॅमिकॉमला पिवळी-पांढरी-लाल वायर लागते आणि रिमोट सुटे होतात. नव्या टीव्हीला पिवळं भोक नसेल तर कन्व्हर्टर लागेल. रेट्रोटिंक चांगला, पण तुमच्या बजेटमध्ये सध्या नाही. ओएसएससी नावाचं एक यंत्र लोक सुचवतील, ते पिवळी वायर घेतच नाही, तेव्हा त्यात पडू नका.

अस्वल_इन_ओसाका:

गेमकडे वळूया का?

बॅटल सिटी: हाच तुमचा टँक. नाम्को, १९८५. अमेरिकेत तो कधी विकायलाच आला नाही, त्यामुळे तिकडचे लोक 'हा कुठला गेम' विचारतात आणि आपल्याकडे शेंबडं पोरही ओळखतं. मेन्यूतलं 'कन्स्ट्रक्शन' उघडून गरुडाभोवती पोलादी भिंत बांधायची, आठवतंय?

नट्स अँड मिल्क: हडसन, १९८४. बाहेरच्या कंपनीने फॅमिकॉमसाठी काढलेल्या अगदी पहिल्या गेमपैकी. आपल्या पिवळ्या कॅसेटमध्ये हमखास असायचा, नाव मात्र कोणालाच माहीत नसायचं.

ग्रेडियस २: कोनामी, १९८८. विमानाचा. वाचायला काही नाही, मरायला भरपूर.

कॉन्ट्रा: जपानी कॅसेट मुद्दाम बघाच. टप्प्यांच्या मध्ये नकाशा येतो, कथेची चित्रं येतात, जंगलात झाडं हलतात, बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो. अमेरिकन कॅसेटमध्ये हे सगळं कापलेलं. स्वस्त नाही, पण एकच महाग घ्यायची असेल तर ही.

स्पेलंकर: आयरेम, १९८५. गेम बेक्कार अवघड आहे, स्वतःच्या उंचीइतक्या खड्ड्यात पडलं तरी माणूस मरतो. पण कॅसेटवर छोटा लाल दिवा आहे, चालू केलं की पेटतो. दिव्यासाठी घ्या.

आता फसवे. ड्रॅगन क्वेस्ट १ आणि २ ढिगाने मिळतात, स्वस्त असतात, भाऊ हमखास उचलेल. घेऊ नका. सगळं बोलणं जपानी, आणि खेळ साठवायचा तर 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' म्हणून पहिल्यात २० अक्षरं उतरवून घ्यायची, दुसऱ्यात ५२ पर्यंत. एक अक्षर चुकलं की सगळं पाण्यात. मी जपानी येत असूनही चुकलोय.

वागनलँडही असाच. गोड हिरवा डायनासोर, उड्या मारत जातो, वाटतं सोपा आहे. पण काही टप्प्यांच्या शेवटी राक्षस लढत नाही, शिरितोरी खेळतो. म्हणजे शब्दांच्या भेंड्या! चित्रातल्या वस्तूचं जपानी नाव येत नसेल तर तिथेच अडकून बसाल.

आणि 'गिमिक!' (सनसॉफ्ट, १९९२) दुकानात दिसला तर काचेतूनच नमस्कार करायला सांगा. किंमत बघून भाऊ तुम्हाला फोन करेल.

पिंपरी_ते_निप्पोरी:

+१, विशेषतः काचेतून नमस्काराला.

एक भर: बॅटरीवाल्या कॅसेट (ड्रॅगन क्वेस्ट ३ वगैरे) जंकमधून घेतल्या तर आतली बॅटरी मेलेलीच समजा. गेम चालतो, फक्त साठत नाही. बॅटरी डाखलेली असते, बदलायला सोल्डरिंग लागतं. आणि फॅमिकॉमच्या कॅसेटला बहुधा स्क्रू नसतो, खटके असतात. चाकू घालून उघडायला गेलात की कडा तुटलीच.

पिना साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीचा कापूस. फुंकर मारायची नाही. मलाही वाईट वाटतं, पण थुंकीने पिना गंजतात.

गोधडी:

फुंकर नाही?! मग आमचं बालपण गेलं कशात.

यादी पाठवली भावाला. दिवाळीनंतर कळवते.

---

गोधडी:

मंडळी, आले परत. भाऊ आला, सामान आलं. एव्ही फॅमिकॉम (जरा पिवळा पडलाय, पण काचेतला, तपासलेला), बॅटल सिटी, नट्स अँड मिल्क, ग्रेडियस २, दिव्यावाला स्पेलंकर, आणि ड्रॅगन क्वेस्ट २. हो, उचललाच. 'अगं ऐंशी येनला होता.' कॉन्ट्रा बजेटबाहेर गेला.

@धूरकट, अडॅप्टर ९ व्होल्टचा, आत ऋण, नवऱ्याने तीनदा मोजून लावला.

आता टँकचं सांगते. लावला, सुरुवातीची धून वाजली आणि मी चक्रावले. सूर तेच, पण लय चढलेली, कोणीतरी घाईत म्हणतंय असं. आणि टँक पळतात हो! मी तीस वर्षांच्या सवयीने आरामात वळायला गेले, तोवर गरुड उडालेला. पहिलाच टप्पा तीनदा हरले. जुना डबा शेजारी लावून दोन्हीवर तोच टप्पा खेळून बघितला. साठपिनी म्हणाले ते वाचलं होतं, पण हाताला कळायला वेळ लागला. खरं सांगू? टँक मला जुन्या डब्यावरच आवडतो. ग्रेडियस मात्र नव्यावर.

बॅटल सिटीच्या पाठीवर निळ्या पेनने काहीतरी लिहिलंय. भाऊ म्हणतो नाव नाही, 'परत दे' असं आहे.

आता नवीन प्रश्न. आई आठ दिवस इथेच आहे आणि तिला गेममधली बदकं मारायची आहेत. बंदूक घेऊ का?

साठपिनी:

'परत दे' 🙂 ही कॅसेट विकू नका.

बदकांची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदूक बघते की तिच्या नळीसमोर उजेड आला का. हा उजेड जुन्या काचेच्या टीव्हीत लगेच येतो, एलसीडीत उशिरा, तोवर बंदुकीने 'चुकलं' ठरवलेलं असतं. डबा टीव्हीच हवा. त्यावर जपानी यंत्राचे रंग नाही उमटले तरी हरकत नाही, बंदुकीला काळं-पांढरं पुरतं.

धूरकट:

आमच्याकडे माळ्यावर २१ इंची आहे, चालू आहे, फुकट देतो. फक्त उतरवायला दोन माणसं लागतील, माझी पाठ धरलीय. धायरीला या, रविवारी सकाळी, भावाला घेऊन.