व्हिडिओवरचा सरकारी डॉक्टर लोकांना का नको?

शहरी_नागरिक : ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-सल्ला सेवेवर, घरबसल्या फुकट डॉक्टर मिळतो. तरी लोक सिव्हिलच्या रांगेत अख्खा दिवस घालवतात. कितीही सुविधा द्या, आपल्याकडे लोकांची मानसिकताच नाही.

सातपुडेकर : ही 'मानसिकता' ऐकून कान किटले, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या शेजारच्या काकूंच्या पोटात दुखत होतं. उपकेंद्रात ताईंनी कॉल लावला. चित्र अडकलं, आवाज तुटायला लागला, शेवटी कॅमेरा बंद करून नुसत्या आवाजावर बोलणं झालं. डॉक्टर मराठीत विचारणार, काकू त्यांच्या पावरी बोलीत सांगणार, मध्ये ताई. पोटाला हात लावून बघणारं तिथे कोणी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, जिल्ह्याला नेऊन सोनोग्राफी करा. बरोबरच सांगितलं! पण मग जीपचं भाडं आणि बुडालेली मजुरी चुकली कुठे? पुढच्या वेळी काकू थेट जिल्ह्यालाच जाणार, आणि त्यात त्यांचं काहीही चुकत नाही.

उपकेंद्रातली_ताई : एका कॉलवरून सगळं मोडीत काढू नका. मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपी-शुगरचे जुने पेशंट माझ्याकडे बसून डॉक्टरांशी बोलतात. मी बीपी मोजते, डॉक्टर आकडा बघून गोळी कमी-जास्त करतात. त्या म्हाताऱ्या माणसांचा तालुक्याचा हेलपाटा वाचतो. पोटदुखी व्हिडिओवर तपासता येत नाही, हे आम्हालाही कळतं. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांतही आहे, गरज वाटली तर डॉक्टरांनी पेशंटला समोर बोलवायचं.

सातपुडेकर : बीपीचं मान्य. पण लिहून दिलेली गोळी तुमच्याकडे असते का?

उपकेंद्रातली_ताई : दर वेळी नसते.

खेड्यातला_मेडिकलवाला : आता खऱ्या दुखण्यावर आलात! चिठ्ठी घेऊन माणूस माझ्या दुकानात येतो, किंमत ऐकतो आणि 'पाच दिवसांच्या द्या' म्हणतो. महिनाभराची गोळी पाच दिवसांची घेतली तर बीपी कसा आटोक्यात राहणार? सिव्हिलला गेलं की निदान खिडकीवर औषध मिळेल ही आशा असते. लोक रांग लावतात ती त्या खिडकीसाठी.

शहरी_नागरिक : औषधपुरवठा हा वेगळा विषय आहे, धागा भरकटतोय. फेब्रुवारी 2023 मध्येच ई-संजीवनीने देशात 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. लोकांना नको असतं तर इतके कॉल झाले असते का?

सातपुडेकर : मग वर 'मानसिकता नाही' कोण म्हणालं? एक काहीतरी ठरवा. आणि औषध वेगळा विषय तुमच्यासाठी असेल, तुमच्या गल्लीत चार मेडिकल आहेत. कॉल झाला हे आकड्यात दिसतं. पेशंट बरा झाला की पुन्हा गाडी करून गेला, ते त्यात कुठे आहे?

उपकेंद्रातली_ताई : आकड्यांबद्दल मीही बोलते. आढाव्यात पहिला प्रश्न असतो, किती कॉल झाले. रेंज नव्हती, पेशंट शेतात होता, हे कोणी ऐकून घेत नाही. वर इथे येऊन आमच्यावरच राग काढू नका.

सातपुडेकर : राग तुमच्यावर नाही, ताई. तुमच्याइतकं तर कोणीच करत नाही.

निवृत्त_गुरुजी : पेन्शनरांचं बघा. हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात बँकेत ताटकळावं लागायचं. 2021 पासून मोबाईलसमोर चेहरा धरून दाखला निघतो. माझ्या सौभाग्यवती स्मार्टफोनला हात लावत नसत, नातवाकडून हे काम शिकल्या. कारण काम तिथेच संपतं, पुन्हा कुठे जावं लागत नाही.

शहरी_नागरिक : गुरुजींचा मुद्दा पटतो. 'मानसिकता' शब्द मागे घेतो, पण रांगेची सवयही असते, हे माझं मत कायम आहे.

खेड्यातला_मेडिकलवाला : असू द्या कायम. उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या ठेवायला लावा, मग सवयीचं बोलू. माझा धंदा बुडाला तरी चालेल.