टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) इंधन-हवेचं मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) करावं की फुल रिच (पेट्रोल जास्त)?

उजळाईवाडीकर: आमच्या कोल्हापूरची धावपट्टी साधारण 2000 फुटांवर. सेसना 172 च्या मॅन्युअलनुसार टेकऑफआधी लीन करायचं ते 3000 फुटांच्या वरच्या विमानतळांवर. म्हणून बरेच जण टॅक्सीलाही मिक्स्चरचा लाल नॉब आत दाबूनच, म्हणजे फुल रिच, ठेवतात. मला हे पटत नाही. मे महिन्यात दुपारी पारा 38 वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून धरलेली उंची) 5000 फुटांच्या पुढं जातं. त्यात 100 एलएल या विमानाच्या पेट्रोलात शिसं. ते बाहेर काढणारं रसायन प्लग तापल्याशिवाय काम करत नाही. आयडलला (इंजिन मंद चालताना) रिचवर प्लग थंडच, मग तळाशी शिशाच्या बारीक गोळ्या बसतात.

शिस्तीतला: साफ असहमत. लीनवरच टेकऑफ मारला तर? पूर्ण ताकदीला लीन म्हणजे डिटोनेशनला, म्हणजे सिलिंडरात मिश्रण स्फोटासारखं पेटण्याला, आवतण. शिकाऊ पोरं विसरणारच.

उजळाईवाडीकर: अर्धवट लीन केलं तरच तो धोका. नॉब इतका ओढायचा की थ्रॉटल दिला की इंजिन अडखळलं पाहिजे. मग विसरलात तरी टेकऑफ होतच नाही.

उद्यमनगरचा मिस्त्री: मी इमानाला कधी हात लावला न्हाई, पण बोअरिंगला येणारी इंजिनं रोज बघतोय. प्लग काळा म्हंजे रिच, पांढराफटक म्हंजे लीन. पांढरा दिसला की पिस्टनचं काम निघालंच म्हणून समजा. जादा पेट्रोल इंजिन गार ठेवतंय बघा.

उजळाईवाडीकर: मिस्त्री, ते फुल थ्रॉटलला खरं. क्रूझला (ठरल्या उंचीवर सरळ उडताना) 75 टक्के किंवा कमी ताकदीवर लीन करा असं इंजिन बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतःच सांगते. आणि सिलिंडर हेड सगळ्यात जास्त तापतं ते ईजीटीच्या (एक्झॉस्टच्या तापमानाच्या) शिखरावर नाही, तर त्याच्या 40-50 अंश फॅरनहाइट रिच बाजूला. 'सेफ' म्हणून जरासं रिच करणारे नेमके तिथंच जाऊन बसतात!

शिस्तीतला: आणि शिखराच्या लीन बाजूला जायचं म्हणाल, तर ते फ्युएल इंजेक्शनचं इंजिन असणाऱ्यांनी करावं. कार्बोरेटरवर चारी सिलिंडरना सारखं मिश्रण पोचतच नाही. जुन्या विमानात ईजीटीची सुई एकाच सिलिंडरची. बाकी तिघांचं काय चाललंय, कोण बघणार?

उजळाईवाडीकर: हे मान्य. कार्बोरेटरवर इंजिन थरथरेपर्यंत लीन करायचं, मग गुळगुळीत होईपर्यंत परत रिच. एवढंच. पण मूळ प्रश्न टॅक्सीचा होता.

शिस्तीतला: त्याचं उत्तर दिलंय. सोलो (एकट्यानं पहिलं उड्डाण) होईपर्यंत जमिनीवर लाल नॉबला हात लावायचा नाही.

उजळाईवाडीकर: बरं. मग रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत) मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) चेक करताना आरपीएम जास्तच पडला, प्लग शिशानं भरला, तर तुमचं पोरगं काय करतं? आरपीएम वाढवून मिक्स्चर लीनच करतं ना?