शेजारच्या विंगमध्ये गोवर निघालाय, मुलगी सात महिन्यांची आहे, काय करू?

धायरीची_आई:
आमच्या सोसायटीत तीन वर्षांच्या मुलाला गोवर निघालाय, डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलंय. काल सकाळीच आम्ही त्याच्यासोबत एका लिफ्टने खाली आलो होतो, मुलगी कडेवर आणि मोठा माझा हात धरून. मुलीचा नवव्या महिन्यातला एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) डोस अजून लांब आहे, मोठा दोन वर्षांचा होतोय, त्याचा पहिला झालाय दुसरा बाकी, कार्ड नाशिकला राहिलंय. सासूबाई म्हणतात गोवर एकदा अंगावर फुटून गेलेला बरा, फक्त फोडणी देऊ नका, अंघोळ घालू नका, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा. मला खूप भीती वाटतेय, प्लीज कुणीतरी सांगा.

सिस्टर_पुणे:
ताई, मोठ्याला उद्या सकाळीच मनपाच्या दवाखान्यात न्या, लस तिथे फुकट आहे आणि कार्ड हाताशी नाही म्हणून थांबू नका. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत डोस मिळाला तर गोवर टळू शकतो, आला तरी सौम्य येतो. छोटीसाठी आजच तुमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन करा, सहा महिने पूर्ण झालेत म्हणजे तिला लवकर डोस द्यायचा का ते ठरवतील. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीकडे साथ आली तेव्हा, जिथे नऊ महिन्यांखालची बाळं जास्त सापडत होती तिथे सहा महिन्यांपासून जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं होतं. पण तो डोस हिशोबात धरायचा नाही, नवव्या महिन्यातला आणि १६ ते २४ महिन्यांमधला असे दोन्ही पुढे घ्यायचेच. आणि ताप किंवा पुरळ दिसलं तर फोन करून मगच जा, सरळ वेटिंगमध्ये बसू नका, पेशंट उठून गेला तरी विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो.

कसबा_पेठ:
सासूबाईंशी पाल्यावरून भांडू नका, उशाशी ठेवला तर बिघडत नाही. पण "फुटून गेलेला बरा" हे मात्र अजिबात ऐकू नका. माझ्या आज्जीची एक मुलगी गोवरातच गेली, आज्जी शेवटपर्यंत तिचं झबलं ट्रंकेत जपून होती. त्यांच्या वेळी सगळ्यांना व्हायचा हे खरं, पण सगळे वाचायचे नाहीत, आपण वाचलेल्यांशीच बोलतो. पुरळ गेलं म्हणजे सुटलो असंही नाही, आधीच्या आजारांमधून शरीराने कमावलेली बरीचशी प्रतिकारशक्तीसुद्धा गोवर पुसून टाकतो, मग पुढचे कित्येक महिने न्यूमोनिया नाहीतर जुलाब मागे लागतात. झालाच तर लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ए द्यावं लागतं, ते डॉक्टरांकडून वयाप्रमाणे घ्या, आणि खाणंपिणं, अंगावरचं दूध काही तोडू नका.

धायरीची_आई:
डॉक्टरांशी बोलले, उद्या दोघांना बोलावलंय. सासूबाई पण येतायत बरोबर. खूप आभार.

हडपसर_कर:
मला एक कळत नाही, गोवरची लस आपल्या हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, इथून जगभर जाते, मग पुण्यातच मुलांना गोवर कसा होतो?

लसीकरण_ताई:
दादा, लस कमी पडत नाही हो, मूल तिच्यापर्यंत पोचत नाही. गोवर इतका पसरतो की शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ अडते, आणि त्या अडण्यावरच डोस न झालेली तान्ही बाळं सुरक्षित असतात. मी बांधकाम साइटवर जाते तिथे पत्र्याच्या खोल्यांमधून हेच दिसतं, पहिला डोस गावी झालेला असतो, दुसऱ्याच्या वेळी आईबाप तिसऱ्याच शहरात स्लॅब टाकत असतात. यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरण पोर्टलवर, नोंद असेल तर कुठेही सापडते, पण प्रत्येकाची असतेच असं नाही. आणि हे फक्त गरिबांचं नाही, मोठ्या सोसायट्यांमध्येही लसीने ऑटिझम होतो अशी भीती घालणारे फॉरवर्ड फिरतात. ज्या १९९८ च्या शोधनिबंधावरून ते सुरू झालं तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्येच मागे घेतलाय तरी. अमेरिकेने २००० मध्ये गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं, तिथे २०२५ मध्ये टेक्सासमध्ये मोठी साथ आली, कॅनडाचा गोवरमुक्त दर्जा त्याच वर्षी गेला, तिथे काय लस मिळत नव्हती का?

तुमच्या आसपास साइट असेल तर वॉर्डातल्या आशाताईंना कळवा, जागेवर सेशन लावता येतं. फक्त वेळ सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची मागा, दुपारी आया कामावर असतात आणि मूल आणून देणारं कुणी नसतं.