धूमकेतूचं डोकं फरपटतं, तारे तांदळासारखे येतात: १५००डी आणि साध्या ट्रायपॉडवर काय सुधारावं?

रंकाळाकाठ

नमस्कार. कॅमेरा कॅनन १५००डी. लेन्स १८-५५ किट, ५५-२५० आणि ५० एमएम एफ १.८. ट्रायपॉड अ‍ॅल्युमिनियमचा, हलका. ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांबरोबर सावकाश फिरवणारं साधन) नाही. खर्च फार तर तीन हजारांपर्यंत.

ऑक्टोबर २०२४ मधल्या त्सुचिनशान-अ‍ॅटलासच्या (सी/२०२३ ए३) फायली पुन्हा काढल्या आहेत. पन्हाळ्यावरून, २०० एमएमला, आयएसओ ३२००, प्रत्येक फोटो ४ सेकंदांचा, मधे मधे फ्रेम सरकवत एकूण ४० मिनिटं. डीपस्कायस्टॅकरमध्ये (अनेक फोटो एकावर एक रचून एक चित्र करणारा प्रोग्राम) जोडल्यावर तीन दोष दिसतात. तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट. धूमकेतूचं डोकं फरपटल्यासारखं. आणि खालच्या अर्ध्या भागात पिवळट झाक. ती काढायला गेलं की शेपटीच पुसली जाते. पुढचा धूमकेतू येण्याआधी हे निस्तरायचं आहे. कॅमेरा कमी पडतोय का? आणि तोवर सराव कशावर करू?

मृग_व्याध

कॅमेरा मुळीच कमी पडत नाही. पहिले दोन दोष निव्वळ गणिताचे आहेत.

१५००डीचा एक पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. ५० एमएमला तो आकाशातल्या साधारण १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ विकलाच सरकतात. म्हणजे ५० एमएमला दर सेकंदाला एक पिक्सेल, हिशोब लक्षात ठेवायला इतका सोपा. ४ सेकंदांत ४ पिक्सेल, ते खपून जातं. २०० एमएमला त्याच ४ सेकंदांत १६ पिक्सेल. तुमचा तांदळाचा दाणा तो हाच. '५०० भागिले फोकल लेंग्थ' हा नियम इथे सैल पडतो. क्रॉप (सेन्सर लहान असल्याने १.६ पट) धरून तो ५० एमएमला ६ सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलवर तेवढ्यात तारे लांबतात.

आता धूमकेतू. तो ताऱ्यांबरोबर फिरतोच, शिवाय ताऱ्यांमधून स्वतः सरकतो. दिवसाला फक्त २ अंश धरला तरी मिनिटाला ५ विकला. २०० एमएमला एक पिक्सेल सुमारे ४ विकलांचा, म्हणून ४० मिनिटांत ५० पिक्सेल. आणि हा धूमकेतू त्या दिवसांत याहून वेगात होता. तुम्ही फोटो ताऱ्यांवर जुळवले, त्यामुळे डोकं फरपटणारच.

म्हणून ट्रॅकर नसेल तर ५५-२५० पिशवीतच राहू द्या. ५० एमएम लावा, एफ २.५, ४ सेकंद, आयएसओ १६०० किंवा ३२००, असे १५० फोटो. एकूण १० मिनिटांचा प्रकाश. २ अंशांवाला धूमकेतू तेवढ्या वेळात ५० एमएमला ३-४ पिक्सेलच सरकतो, त्यामुळे ताऱ्यांवर साधं जोडलं तरी डोकं ठीक राहतं. गोंगाट (फोटोतले नको असलेले बारीक दाणे) फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: १०० फोटो जोडले की दहावा हिस्सा. एका फोटोत शेपटी दिसत नाही म्हणून सेकंद वाढवू नका, फोटो वाढवा.

एफ १.८ का नको? पूर्ण उघड्या लेन्सला कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे येतात. २.५ ला ते बरेच आवरतात, २.८ ला आणखी.

सरावासाठी देवयानीतली दीर्घिका घ्या. नोव्हेंबरात संध्याकाळनंतर ती कोल्हापूरहून उत्तरेला ६५ अंशांपर्यंत चढते. मधे उजळ, कडेला विरत जाणारी, म्हणजे धूमकेतूच्या जवळची वस्तू. तिचा विरळ भाग ओढून काढता आला की शेपटीही काढता येईल. कृत्तिका दिसायला छान, पण तारे ठळक असल्याने तिथे चुका झाकल्या जातात.

जांभ्या_दगड

वरचं गणित बरोबर, पण फोकस चुकला तर सगळं वाया. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, किटच्या लेन्सला तर ती खूणही नसते.

लेन्स एमएफवर (हाताने फोकस), ५५-२५० आणि किट लेन्सचं आयएस (हलणं सावरणारी यंत्रणा) बंद. लाइव्ह व्ह्यू सुरू करून व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा मध्यावर आणा आणि १० पट मोठा करा. रिंग केसभर फिरवा. तारा आधी फुगलेली चकती असतो, मग आवळत जातो. ५० एमएमला नीट बघा: फोकसच्या एका बाजूला ताऱ्याला जांभळी कड, दुसऱ्या बाजूला हिरवट. दोन्ही रंग जिथे जवळजवळ जातात आणि आधी न दिसणारे बारीक तारे शेजारी उगवतात, ती जागा. हात हलू न देता रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. ५० एमएम एसटीएम असेल तर त्याची रिंग विजेवर चालते, कॅमेरा झोपला की फोकस हलू शकतो. म्हणून ऑटो पॉवर ऑफ बंद, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, कारण गारठ्यानेही फोकस सरकतो.

फोटो जेपेगऐवजी रॉ मध्येच काढा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, 'व्हाइट फ्लुरोसंट'वर (साधारण ४००० केल्व्हिन) बांधून ठेवा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद: चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळा फोटो काढत बसतो आणि अर्धी रात्र तिथेच जाते. त्याऐवजी शेवटी लेन्सचं झाकण लावून त्याच आयएसओला, त्याच सेकंदांना २० डार्क काढा. घरी आल्यावर काढले तर तापमान बदललेलं असतं, उपयोग नाही.

१५००डीत इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढण्याची सोय) नाही, विकतही घ्यायला नको. वायरचा साधा रिमोट २.५ एमएम पिनेचा घ्या, ड्राइव्ह सलगवर ठेवा, शटर ४ सेकंद, रिमोटचं बटण दाबून वर सरकवून अडकवा. कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो. ३०० रॉ फायलींना ८-९ जीबी लागतात, ३२चं कार्ड पुरे. दुसरी बॅटरी खिशात ठेवा, बॅगेत गारठते.

ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, पायांचे शेवटचे बारीक भागही शक्यतो नको. बॅग खाली लटकवायची तर ती जमिनीला टेकली पाहिजे. अधांतरी बॅग वाऱ्यावर झुलते आणि कॅमेरा आणखी हलवते.

आणि दव. हिवाळ्यात पन्हाळा-मसाई पठारावर दहानंतर लेन्सच्या काचेवर धुकटी बसते, फोटोत ती धूमकेतूभोवतीच्या तेजोवलयासारखी दिसते आणि माणूस फसतो. हूड लावा, लेन्सभोवती जुना मोजा गुंडाळून आत हात शेकायची पुडी ठेवा किंवा पॉवरबँकवर चालणारी हीटरची पट्टी. काच पुसू नका, डाग पसरतो आणि फोकसही हलतो.

भुदरगड_रात्र

जागेबद्दल. पन्हाळा कोल्हापूर शहराच्या वायव्येला २० किलोमीटरवर, म्हणून संध्याकाळी पश्चिमेला असलेल्या धूमकेतूला चांगला: उजेड पाठीशी राहतो. पण पहाटे पूर्वेला उगवणाऱ्या धूमकेतूला पन्हाळ्यावर जाऊ नका. कोल्हापूर, शिरोली, त्यामागे इचलकरंजी, सगळा उजेड नेमका समोर येतो. त्यासाठी दक्षिणेला गारगोटीकडे जा. भुदरगडाचा माथा सपाट आहे आणि शहराचा उजेड उत्तरेला राहतो.

गगनबावडा नकाशावर काळाकुट्ट दिसतो, पण घाटमाथ्यावर कोकणातून दमट हवा चढते आणि क्षितिजाजवळचं आकाश दुधाळ होतं. डोक्यावरच्या गोष्टींना उत्तम, क्षितिजालगतच्या धूमकेतूला नाही. वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं तर परवानगी आधी घ्या, आणि एकट्याने जाऊ नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मोजावी लागते: गळीत हंगाम. कारखाने आणि गुऱ्हाळं सुरू झाली, शेतात पाचट पेटू लागलं की संध्याकाळी धुराचा थर खाली बसतो. तुमच्या पिवळ्या झाकेत उजेडाइतकाच धुराचा वाटा असतो. परतीचा पाऊस पडून गेल्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात स्वच्छ. तसंच १० अंश उंचीवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट हवेतून येतो, म्हणून दोन-तीन अंशांची उंचीसुद्धा सोडू नका.

आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासात पूर्ण अंधार होतो. तोवर धूमकेतू मावळणार असेल तर संधिप्रकाशातच सुरुवात करा: आयएसओ ४००, १-२ सेकंद, आणि आकाश काळवंडेल तसं वाढवत जा. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) डोंगर डावीकडून एक तृतीयांशावर असू द्या. पश्चिमेकडचा धूमकेतू खाली उतरतो, म्हणून तो फ्रेमच्या वरच्या भागात धरा. धूमकेतूची जागा आधी पाहायची तर स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या प्रोग्राममधल्या सोलार सिस्टिम एडिटरमधून ताज्या धूमकेतूंची यादी आत घ्या आणि तारीख-वेळ टाकून उंची बघा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गणित आता डोक्यात बसलं. मिनिटभराचे फोटो काढायचे तर तीन हजारांत ट्रॅकर होईल का?

उद्यमनगर_लेथ

होईल, आणि आपल्या गावात तर सहज. १८ एमएम प्लायच्या दोन फळ्या, प्रत्येकी ३०० एमएम लांब, एका टोकाला पूर्ण रुंदीची पियानो बिजागरी. छोट्या दोन बिजागऱ्या लावू नका, पिनेतली ढिलाई थेट फोटोत येते. खालच्या फळीत एम६चा नट बसवा आणि त्यातून थ्रेडेड रॉड वर ढकलू द्या. एम६चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ एमएम, म्हणून बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत अंतर २२८.५ एमएम. या अंतरावर मिनिटाला एक फेरा दिला की फळी आकाशाच्या वेगाने उघडते. घरात एम८ पडला असेल तर पिच १.२५, अंतर २८५.७, पण मग फळी थोडी लांब घ्या. भोक उद्यमनगरात (कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती) ड्रिल प्रेसवर पाडून घ्या. हातातल्या ड्रिलने रॉड तिरका बसतो आणि वेग चुकतो.

रॉडच्या टोकाला गोल मूठ लावून त्यावर घड्याळासारखे १२ भाग आखा. दर ५ सेकंदांनी एक भाग, सेकंद काट्याच्या बरोबर. दर १५ सेकंदांनी पाव फेरा देऊ नका. तेवढ्यात आकाश २२५ विकला जातं, ५० एमएमला १५ पिक्सेलचा झटका. एक भाग म्हणजे ५ पिक्सेल, तोही झटक्याने न देता सावकाश फिरवत द्या.

उत्तरेकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला, उजवी बाजू वर उचलली जाणारी. बिजागरीची रेघ ध्रुवाकडे. कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश, म्हणजे ३०० एमएम लांब पायाला उत्तरेचं टोक ९० एमएम उचलायचं. हा पाचरीसारखा तुकडा एकदा करून ठेवला की सपाट जागेवर फक्त दिशा लावायची उरते. बिजागरीला समांतर सरबताची नळी चिकटवा आणि तिच्यातून ध्रुव बघा. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्या आत आहे, ५० एमएमला ६० सेकंदांत ही चूक एका पिक्सेलपेक्षा कमी पडते. तो १७ अंशांवरच असल्याने धुरात बुडतो, म्हणून उत्तरेला डोंगर किंवा तटबंदी नसलेली जागा धरा.

वर बॉलहेडसाठी (कॅमेरा कुठेही वळवता येणारं गोळ्याचं डोकं) पाव इंची, २० आट्यांचा बोल्ट. बॉलहेड धरून तीन हजारांत बसावं. वीस मिनिटांनी रॉड मागे घ्या, सरळ रॉडचा वेग तिथून बिघडत जातो.

मृग_व्याध

तिसरा दोष राहिला. सिरिल या खगोल-चित्रांच्या प्रोग्राममध्ये बॅकग्राउंड काढताना तो स्वतःहून चित्रभर नमुन्याचे ठिपके टाकतो, आणि जे ठिपके शेपटीवर पडतात तिथला उजेड 'नको असलेला' समजून वजा करतो. तुमची शेपटी तिथेच गेली. शेपटीवरचे आणि तिच्या दोन्ही कडांजवळचे ठिपके हाताने काढा, पातळी पहिल्या घाताची (म्हणजे साधा सरळ उतार) ठेवा. दिव्यांचा उजेड अडवणारे फिल्टर घेऊ नका. रस्त्यावर आता पांढरे एलईडी आहेत, ते सगळ्या रंगांत पसरतात.

जुन्या फायलींचं असं करा. डीपस्कायस्टॅकरमध्ये पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भाच्या फोटोवर धूमकेतूचं केंद्र खुणवा. मधल्या फोटोंचं स्थान तो फोटोच्या वेळेवरून काढतो. शेजारचा तारा पकडत असेल तर शिफ्ट दाबून नेमकं टिचका. मग 'कॉमेट' पद्धतीने, कप्पा-सिग्मा (फार वेगळे पडणारे पिक्सेल वगळणारी रीत) लावून जोडा. प्रत्येक फोटोतला १६ पिक्सेलचा लांबटपणा यानेही जाणार नाही, तो फाइलमध्येच आहे. म्हणून तयार चित्र चौथाईवर आणा, ६००० बाय ४००० चं १५०० बाय १०००. दाणा ४ पिक्सेलचा उरेल आणि मोबाइलच्या पडद्यावर ठीक दिसेल.