बार्शी लाइटचं इंजिन: स्प्रिंगा घातल्या तरी चाकं अधांतरी

मिरज_नॅरोगेज:
मंडळी, माझं गाडं अडलंय. बार्शी लाइटच्या (बार्शीची जुनी नॅरोगेज रेल्वे) ए क्लासचं मॉडेल करतोय, लीड्सच्या किटसन कारखान्यातलं 0-8-4 टँक इंजिन, म्हणजे आठ चालवणारी चाकं आणि मागच्या बोगीची चार. स्केल 1:43.5. 762 मिमी गेज (दोन रुळांतलं अंतर) या स्केलला 17.5 मिमी होतो, पण तयार रूळ 16.5चे मिळतात, म्हणून एक मिमी सोडून दिलाय. (यावर वाद नको, घरात पुरेसा झालाय.)

चेसिस पितळी पत्र्याची. आधी चारही ॲक्सल पक्के होते. पावसाळ्यात खालच्या प्लायनं पोट काढलं आणि इंजिन सांध्यावर आलं की दोन चाकं हवेत, करंट गेला, गाडी उभी. मग खाचा कानसून ॲक्सलबॉक्स (ॲक्सलची टोकं धरणारे ठोकळे) वरखाली सरकते केले, प्रत्येकावर बॉलपेनच्या स्प्रिंगचा तुकडा बसवला. चार रविवार गेले. इंजिन 410 ग्रॅमचं, तरी चाकं वरखाली हलत नाहीत. स्प्रिंगा नरम करू की इंजिनात आणखी शिसं भरू?

कुपवाड_लेथवाला:
शिसं ठेवा बाजूला. बॉलपेनची स्प्रिंग या वजनाला दगडासारखी आहे. ॲक्सलबॉक्स खाचेच्या तळालाच टेकलेला राहतो, म्हणजे पहिल्यासारखीच पक्की चेसिस. फक्त कष्ट वाढले.

इंजिन रुळावर नुसतं उभं असताना स्प्रिंग साधारण अर्धा मिमी दबून बसली पाहिजे. तेवढं बसलं तरच खळगा आल्यावर चाकाला खाली उतरायला जागा राहते. वेटोळ्याची स्प्रिंग फेका, सरळ पोलादी तार लावा. दोन्ही बाजूंना एकेक अखंड तार, चेसिसवरच्या छोट्या कड्यांतून आणि ॲक्सलबॉक्सच्या कानातून ओवलेली. कडी, कान, कडी, कान अशी. तारेला कुठंही डाग (सोल्डर) द्यायचा नाही, ती सरकली पाहिजे.

आता हिशेब. चाकं, ॲक्सल आणि बोगीवरचं वजन वजा करून 360 ग्रॅम धरा, आठ चाकांना 45-45. कड्यांतलं अंतर 20 मिमी धरलं तर 0.25 मिमीची तार जवळपास अर्धा मिमी वाकते. 0.30ची घेतलीत तर दुप्पट ताठ, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. टोकाच्या कड्या थोड्या आत घ्या, नाहीतर पहिलं आणि शेवटचं ॲक्सल जास्त बसेल. कॅलथ्रॉपसाहेबानं ही लाइन आखताना प्रत्येक ॲक्सलवर सारखा 5 टन भार धरला होता. तुम्हाला तेच ग्रॅममध्ये करायचंय.

साताराकडचा:
मी तरफवाला. दोन-दोन ॲक्सलच्या मध्ये टेकू देऊन तरफा बसवल्या की तारेची जाडी मोजत बसावं लागत नाही. स्प्रिंगवर इंजिन सुरेख तरंगत जातं, हे कबूल. पण आठ चाकांना ते जमवताना माणूस म्हातारा होतो.

मिरज_नॅरोगेज:
लेथवाले काका, तारेचं ऐकून हसू आलं. मी राहतो सतारींच्या मिरजेत, आणि तार शोधायला ऑनलाइन बसलो होतो! संध्याकाळी सतारीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, “बाजाची, जोडाची की तरफेची?” म्हटलं, इंजिनाची. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. (साताराकर, बघा, तरफ इथंही आहेच.) तुमचा आकडा सांगितल्यावर 1 नंबरची पोलादी तार काढून दिली, मायक्रोमीटरवर 0.25 भरली. जोडाची घेऊ नका म्हणाले, ती कांशाची असते.

दोन्ही बाजूंनी ओवली. पहिलं, दुसरं, चौथं ॲक्सल झकास बसतं. तिसरं ढिम्म. तार तीनदा बदलली.

कुपवाड_लेथवाला:
तिसऱ्यावरच मोटार आहे ना? गिअरबॉक्स चेसिसला स्क्रूनं आवळलाय का?

मिरज_नॅरोगेज:
हो. दोन स्क्रू. चांगले घट्ट.

कुपवाड_लेथवाला:
मग तिथं सतारीची घाला नाहीतर तंबोऱ्याची, फरक पडणार नाही. तो ॲक्सल तुम्ही बांधून ठेवलाय. गिअरबॉक्स आणि मोटार दोन्ही ॲक्सलवरच लटकू द्या. ॲक्सलबरोबर मोटार स्वतःच फिरू नये म्हणून एक हलकी दांडी चेसिसला सैल अडकवा, बस्स. आणि चाकं एकमेकांना जोडणारा कपलिंग रॉड? अखंड असेल तर मधल्या क्रँकपिनांवर सांधे देऊन तीन तुकडे करा, नाहीतर स्क्रू काढले तरी रॉड चाकांना एका रेषेत धरून ठेवेल.

मिरज_नॅरोगेज:
रॉडही अखंडच होता. काका, तुम्ही माझ्या टेबलाखाली बसलाय का?

साताराकडचा:
मागच्या बोगीला हीच तार लावू नका. नुसती रुळावर राहण्यापुरती हलकी स्प्रिंग पुरते. ती जोरात दाबली तर मागचं वजन उचलून घेते आणि चालवणारी चाकं जागेवर फिरत राहतात. हे तरफवाल्याचं बोलणं असलं तरी खरं आहे.

मिरज_नॅरोगेज:
स्क्रू काढले, रॉडचे तीन तुकडे केले, दोन क्रँकपिन वाकवून परत सरळ केले. रात्री साडेअकराला तेच सांधे, तोच फुगलेला प्लाय. एका रुळाखाली पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला, तरी इंजिन सावकाश वर चढून खाली उतरलं, दिवा एकदाही लुकलुकला नाही. उलट दिशेनं नेताना मात्र चौथ्या ॲक्सलजवळ किर्रर असा आवाज येतो. तारेचं टोक चाकाला घासतंय बहुतेक. उद्या कापतो.