मदत हवी आहे: उसाच्या खोडव्यातलं पाचट न जाळता कसं बसवायचं? (काळी जमीन, पाटपाणी)

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमची दोन एकर काळी जमीन आहे. ऊस को ८६०३२ जातीचा, साडेचार फुटी सरी, पाणी पाटानं. परवा टोळी ऊस तोडून गेली, आता त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, घ्यायचाय. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना नेले, आता रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पडलंय. शेजारच्या तीन रानांत काल संध्याकाळी काडी लागली. आमचे आबाही म्हणतात, "पेटवून दे आणि पाणी सोड, पाचट जाळल्याशिवाय खोडवा फुटत नाही."

मला जाळायचं नाही. गेल्या वर्षी एका एकरात जाळलं, तेव्हा विहिरीकडचा कोपरा ओला होता म्हणून तेवढा पेटला नाही. एप्रिलमध्ये तिथलं पाचट हातानं बाजूला केलं, तर खाली माती गार, चहाच्या भुकटीसारखी मोकळी, आणि एका मुठीत चार गांडुळं. तिथून दहा पावलांवर जळालेल्या सरीत खुरपं मारलं तर ढेकूळच निघालं. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के आलाय. आजोबांच्या वेळी हेच रान पावसात पायाखाली दबायचं असं आबा स्वतःच सांगतात. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यातला नत्र आणि गंधक धुरावाटे उडून जातो आणि तोच आपण पुन्हा पोत्यानं विकत आणतो, हे मला सहन होत नाही. शिवाय त्या आठवड्यात घरात आईचा खोकला थांबत नाही.

पण दुसऱ्या एकरात पाचट ठेवलं होतं आणि तिथं फसलो, हेही सांगतो. टोळीनं बुडखे वीतभर उंच ठेवले होते, मी त्यावर पाचट तसंच राहू दिलं. फुटवे उशिरा आले, बारीक आले आणि महिन्याभरात पिवळे पडले. पाणी सोडलं की पाचट वाहून सरीच्या तोंडाशी तुंबायचं आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात. त्यावरून बोलाचाली झाली. शेवटी जाळलेल्या एकरापेक्षा ऊस कमी निघाला, म्हणून यंदा आबांचं मन वळवणं अवघड झालंय.

ज्यांनी खरंच पाटपाण्यावर हे केलंय त्यांनी सांगा. पिवळेपणा कशामुळे आला? पाणी पुढं कसं सरकवायचं? बगला (उसाच्या ओळीच्या दोन्ही बाजूंची माती) फोडायच्या कशा, खत कुठं घालायचं? ट्रॅक्टरचं कुट्टी यंत्र भाड्यानं मिळतंय, पण काळ्या रानात ओलीवर चाक दबेल अशी भीती वाटते. आबांनी मला चार दिवस दिलेत.

प्रतिसाद:

दादा, आम्ही कराडकडे नऊ वर्षं जाळलेलं नाही, आमचंही पाटपाणीच.

पिवळेपणाचं आधी. कच्च्या पाचटात कर्ब भरपूर, नत्र नावाला. ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र स्वतःला ओढून घेतात, ऊस उपाशी राहतो. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. तुम्ही हे टाकलं नव्हतं, बरोबर?

बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. उंच बुडख्यावरचे डोळे फुटतात, पण त्यांना मुळं धड धरत नाहीत. बुडख्यावरचं सगळं पाचट ओढून सरीत घ्या, बुडख्याला ऊन लागलं पाहिजे. छाटल्यावर कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम घेऊन बुडख्यांवर फवारा.

पाण्यासाठी पहिल्या वर्षी सगळ्या सऱ्या भरू नका. एक सरी पाचटाची, एक मोकळी, आणि पाणी मोकळ्या सरीतून. पाचटाच्या सरीत पायानं तुडवत चला म्हणजे ते मातीला चिकटतं. कुट्टी केली तर लवकर कुजतं, पण ओल असेल तर ट्रॅक्टर घालू नका, अख्खं पाचटही चालतं.

बगला फोडायच्याच नाहीत. खत पहारीनं द्या: बुडख्यापासून १० ते १५ सेंमीवर, तेवढंच खोल, दोन भोकांत ३० सेंमी अंतर. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस हीच आहे. मजूर लागतात, खोटं कशाला सांगू.

आणि शेजारी अजून पेटवणार असेल तर आजच बांधालगत आठ-दहा फूट पाचट आत ओढून घ्या. आमचं एकदा रात्रीत गेलं होतं.

धागाकर्ता:

दादा, फार आभार. नाही टाकला युरिया, एक किलोही नाही. ऊस कशानं उपाशी राहिला हे आबांना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण कोयते धारेला घेऊन गेलेत. बांधाकडचं पाचट संध्याकाळपर्यंत ओढतो. एकच विचारायचं राहिलं: जिवाणू खत शेणकाल्यात कालवून शिंपडलं तर चालेल का, की शेणखतातूनच विस्कटायचं? आणि ते पहिल्या पाण्याआधी की पाणी दिल्यावर?